परमताची पहिली पोथी

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की मराठवाड्याच्या वाटा पैठणाकडे वळू लागतात. नाथांच्या समाधीदिनाच्या या पर्वकाळी एकनाथी भागवताचे पारायण होते, भावार्थ रामायणाची आठवण निघते, भारुडे रंगतात. तथापि नाथांच्या एका रचनेकडे भाविकांचे लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे 'हिंदु-तुर्क संवाद'. त्यात दोघे जण समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या ग्रंथांवर, आचारांवर आणि देवविषयक कल्पनांवर आक्षेप घेतात आणि अखेरीस परस्परांना आलिंगन देतात. शेवटचे आलिंगन सर्वांना आवडते. आम्हांला त्याआधीचे भांडण अधिक मोलाचे वाटते. कारण नाथांनी तुर्काच्या तोंडी लटके आक्षेप घातलेले नाहीत. आपल्या पुराणांवर परकीय माणूस जे खरोखर बोलेल, तेच त्यांनी त्याला बोलू दिले आहे. परमत मांडताना ते दुबळे करून मांडायचे नाही, ही शास्त्राची रीत नाथांनी प्राकृतात उतरवली.

ही रीत आज आठवण्यास एक कारण घडले. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस जालना रस्त्यावर वसलेले चिकलठाणा आता नावापुरतेच गाव उरले आहे. विमानतळ आला, औद्योगिक वसाहत आली, शहराने त्याला पोटात घेतले. तरी कीर्तनास तेथील घरे अजून आस्थेने जमतात. अशाच एका घरी एका वृद्ध गृहस्थांनी आमच्यापुढे एक पुस्तक ठेवले. त्यांच्या नातीने महाविद्यालयात तत्त्वज्ञान विषय घेतला आहे आणि तुलनात्मक धर्माभ्यासासाठी तिने ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचे एक प्रवेशपुस्तक आणले होते. "शास्त्रीबुवा, ही पोथी घरात ठेवावी की नाही?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. आमचे उत्तर असे की ग्रंथ घरात ठेवावा की नाही हा प्रश्न दुसरा. ग्रंथ चांगला आहे की नाही हा पहिला. आणि ते ठरवण्याची मापे आपल्या शास्त्राने आपल्याला फार पूर्वीच दिलेली आहेत.

अशा ग्रंथाचे स्वरूप प्रथम समजून घेऊ. ख्रिस्ती धर्मग्रंथात कथा आहेत, स्तोत्रे आहेत, पत्रे आहेत, भविष्यकथने आहेत. सिद्धान्त तेथे विखुरलेले आहेत. ते वेचून, क्रमाने लावून, एकमेकांशी त्यांचा मेळ घालून दाखवणे हे ईश्वरविज्ञानाच्या या शाखेचे काम. क्रम बहुधा ठरलेला असतो: प्रथम ईश्वराचे प्रकटीकरण म्हणजे प्रमाणविचार, मग ईश्वराचे स्वरूप, मग सृष्टी, मनुष्य आणि पाप, मग ख्रिस्त व त्याचे तारणकार्य, मग पवित्र आत्मा व अनुग्रह, मग मंडळी व तिचे संस्कार आणि शेवटी अंतिम न्याय व पुनरुत्थान. उपनिषदांतील विखुरलेली वाक्ये बादरायणांनी सूत्रांत जशी गुंफली, तसाच हा उद्योग आहे. आणि सूत्रभाष्यात शिरण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती सदानंदांचा 'वेदान्तसार' किंवा अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' द्यावा, तसे हे प्रवेशपुस्तक.

या साम्यात एक गोष्ट विशेष आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती आचार्याने आपला महाग्रंथ लिहिला, तोही नवशिक्यांसाठीच, असे तो स्वतः प्रारंभी सांगतो. त्याची मांडणी अशी: आधी प्रश्न, मग विरुद्ध पक्षाचे आक्षेप, मग स्वमताचे प्रमाण, मग उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचे समाधान. आपल्या मीमांसकांचे अधिकरण डोळ्यांपुढे आणा. विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त, संगती! एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन विद्यापरंपरांनी विचाराची एकच शिस्त शोधावी, हे आम्हांला आश्चर्याचे आणि आनंदाचेही वाटते.

आता प्रत्यक्ष परीक्षणाकडे वळू. त्यासाठी आजचे पुस्तक न घेता आम्ही एक जुने पुस्तक घेतो. ते आमच्याच भाषेत, म्हणजे संस्कृतात, लिहिलेले आहे आणि त्याचे परीक्षण करणाऱ्यांत महाराष्ट्राचे दोन पंडित होते. १८३९ साली कलकत्त्यास जॉन म्यूर या स्कॉटिश सनदी अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ छापला. गुरु-शिष्याचा संवाद, श्लोकबद्ध रचना, आणि त्या आवरणात ख्रिस्ती मताची तोंडओळख. पुढे १८४० मध्ये व पुन्हा १८५२ ते १८५४ या काळात त्याने तो सुधारून काढला. खरा धर्म ओळखण्याच्या तीन कसोट्या त्याने सांगितल्या: धर्मसंस्थापकाच्या अंगी चमत्काराचे सामर्थ्य असावे, धर्मग्रंथ पवित्र असावा आणि तो सर्व मनुष्यमात्रासाठी असावा.

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी विचाराव्यात, हा आमच्याकडील दंडक आहे. अधिकारी कोण, विषय काय, ग्रंथाचा व विषयाचा संबंध काय, प्रयोजन काय. यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. म्यूरच्या ग्रंथाला हे माप लावून पाहू.

विषय स्पष्ट आहे आणि संबंधही ठीक आहे. भाषेविषयी त्याने घेतलेले कष्ट मान्य केलेच पाहिजेत. देवभाषेत श्लोक रचून परक्या पंडितांपुढे जाणे ही लहान गोष्ट नव्हे. अधिकारी कोण, येथे मात्र घोटाळा होतो. ग्रंथ वरवर जिज्ञासू शिष्यासाठी आहे; वस्तुतः तो प्रतिवादी पंडितासाठी आहे. शिष्याला सिद्धान्त समजावून द्यावा लागतो, प्रतिवाद्याला हरवावे लागते. ही दोन कामे एकाच पोथीने करू पाहिली की दोन्ही अर्धवट राहतात. त्यामुळे प्रयोजनही दुभंगते. ख्रिस्ती मत काय आहे हे जाणू इच्छिणाऱ्याला कसोट्यांच्या वादातून वाट काढावी लागते आणि हिंदु मताचे खंडन वाचणाऱ्याला आपल्या मताचे रूप त्यात ओळखता येत नाही. पूर्वपक्ष असा मांडावा की पूर्वपक्षीयाने मान डोलवून म्हणावे, होय, हेच माझे मत. हे जेथे साधले नाही तेथे पुढचे खंडन कितीही चतुर असले तरी ते हवेतले बाण होत.

कसोट्यांचेही तसेच. चमत्काराची कसोटी आम्हां कीर्तनकारांच्या अगदी जवळची आहे. पैठणच्या घाटावर ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलविले, हे आख्यान आम्ही शेकडो वेळा लावले आहे. पण ते आख्यान लावताना कोणताही जाणता कीर्तनकार असे म्हणत नाही की रेडा बोलला म्हणून ज्ञानेश्वरी खरी. सर्वांभूती एकच आत्मा आहे हे जे माउलींनी सांगितले, त्याची ती खूण आहे. चमत्कार हे प्रमाण मानले तर ज्याच्या धर्मात चमत्कार अधिक त्याचा धर्म अधिक खरा, अशी मोजदाद सुरू होईल आणि तीत कोणीच जिंकणार नाही. ग्रंथाचे पावित्र्य ही दुसरी कसोटी ऐकण्यास उत्तम. पण पवित्र कशास म्हणावे हे आपापल्या ग्रंथावरूनच ठरत असल्याने ती फिरून मूळ जागी येते. नैयायिक याला आत्माश्रय म्हणतील. सर्वांसाठी असणे ही तिसरी कसोटी मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. वेदाचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही, या प्रश्नाची जळजळ आपल्या संतांनी स्वतः सोसली आहे. नाथांनी प्राकृतात भागवत सांगितले त्याबद्दल काशीत त्यांना जाब द्यावा लागला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणून या कसोटीपुढे आमच्या पंडितांनी उत्तर शोधण्याआधी क्षणभर थांबावयास हवे होते, असे आमचे मत आहे.

'मतपरीक्षे'ला तीन संस्कृत उत्तरे आली. पहिले १८३९ सालचेच, 'मतपरीक्षाशिक्षा'. त्यावर नाव सोमनाथ असे आहे. हे सोमनाथ म्हणजे सिहोर येथील मराठी ज्योतिषी सुबाजी बापू, असे अभ्यासकांचे मत आहे. याच सुबाजी बापूंनी भास्कराचार्यांचे ज्योतिष आणि कोपर्निकसचे ज्योतिष यांची तुलना करणारा मराठी ग्रंथ त्यापूर्वी लिहिला होता. पृथ्वी फिरते हे ज्यांनी परक्याकडून निःसंकोच घेतले, त्यांनीच परक्याचा धर्म मात्र सौम्य शब्दांत परत केला. त्यांचे म्हणणे असे की ईश्वरानेच अधिकारभेदाने निरनिराळे मार्ग केले आहेत. ज्याने त्याने आपल्या मार्गात श्रद्धेने राहावे. दुसरे उत्तर १८४० मध्ये कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे, स्वराने बरेच कठोर. तिसरे १८४४-४५ च्या सुमाराचे, काशीतील तरुण पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांचे 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. हा ग्रंथ पुढे सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादून १९५१ साली उज्जैनहून प्रसिद्ध केला.

गोरे हे कोकणातून उत्तरेस गेलेल्या चित्पावन घराण्यातील. ग्रंथ लिहिला तेव्हा वय अवघे विशीच्या आसपास. पण त्यांनी जे विचारले ते आजही कोणत्याही ख्रिस्ती प्रवेशपुस्तकाला विचारावे असेच आहे. पूर्वजन्म नसेल तर जन्मतःच दुःख भोगणाऱ्या बालकाचा अपराध कोणता? मुक्या प्राण्यांच्या यातनांचे कारण काय? काही वर्षांच्या आयुष्यात केलेल्या मर्यादित पापासाठी अनंत नरक, हा कोणता न्याय? आणि जीव नरकात जाणार हे आधीच जाणणाऱ्या दयाळू ईश्वराने तो निर्माणच का केला? चांगल्या पाठ्यपुस्तकाची ओळख येथेच पटते. जे पुस्तक या प्रश्नांना प्रकरणभर जागा देते, आपल्याच परंपरेत त्यांवर किती मतभेद आहेत हे लपवत नाही, ते वाचण्यायोग्य. जे त्यांना दोन ओळींत वाटेला लावते ते प्रचारपत्र. त्यावर कितीही जाड पुठ्ठा असो.

येथवर भाविक वाचक संतुष्ट होतील. पण गोष्ट येथे संपत नाही आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. हेच नीलकंठशास्त्री १८४८ साली जौनपूर येथे ख्रिस्ती झाले. नेहेम्या गोरे हे त्यांचे पुढचे नाव. १८६० साली त्यांनी हिंदीत 'षड्दर्शन दर्पण' लिहून आपल्याच सहा दर्शनांचे खंडन मांडले. पुण्यात त्यांनी कार्य केले, पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यात त्यांच्या विचारांचा वाटा होता आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा अंत झाला.

यावरून आमच्या घरोघरी एक अनुमान ताबडतोब निघते: पाहा, परक्याची पोथी वाचली आणि मनुष्य गेला! आम्हांला हे अनुमान सदोष वाटते. एका माणसाच्या वाचनामागोमाग जे घडले ते वाचनामुळेच घडले, हे सिद्ध होत नाही. सुबाजी बापूंनीही तीच पोथी वाचली आणि ते होते तेथेच राहिले. मुंबईच्या समुद्रकिनारी १८५७ साली मिशनऱ्यांशी जाहीर वाद करणाऱ्या विष्णुबोवा ब्रह्मचाऱ्यांनीही प्रतिपक्षाचे मत जाणले होते. त्यांचे काय बिघडले? गोऱ्यांच्या मनाचा निर्णय गोऱ्यांचा. त्याचा न्याय करण्यास आम्ही बसलेलो नाही. त्यांच्या चरित्रातून आम्ही एवढेच घेतो की खंडन पाठ असणे म्हणजे श्रद्धा नव्हे. ज्याची निष्ठा केवळ दुसऱ्याच्या चुकांवर उभी आहे, त्याचा आधार त्या चुका सुटल्या की सुटतो. निष्ठेला स्वतःचे अन्न लागते. ते उपासनेतून, नित्य वाचनातून, नामातून मिळते.

आणि म्यूर? त्याच्यावरही या वादाचा परिणाम झालाच. १८४४ साली तो काशीच्या संस्कृत महाविद्यालयाचा प्रमुख झाला, पंडितांच्या सहवासात राहिला. १८५३ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर त्याने वेद-पुराणांतील मूळ वचनांचा पाच खंडांचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह सिद्ध केला आणि १८६२ साली एडिंबरो विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन स्थापिले. ज्या ग्रंथांचे खंडन करण्यास तो निघाला होता, त्यांच्याच अध्ययनात त्याचे उरलेले आयुष्य गेले. परमताची पोथी उघडणाऱ्या दोघांनाही ती पोथी पहिल्यासारखे ठेवत नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी ती उघडू नये. पण मग तिच्याविषयी बोलूही नये.

आजच्या प्रवेशपुस्तकांविषयी एक सूचना विशेष करावीशी वाटते, ती शब्दांची. मराठीत लिहिणारा ख्रिस्ती ग्रंथकार आपलेच शब्द वापरतो आणि दुसरे तो कोठून आणणार? फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, तेव्हा पैठणात नाथ विद्यमान होते. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि १६१६ साली स्टीफन्सांचे 'ख्रिस्तपुराण' ओवीछंदात छापले गेले. ओवी एकच, आशय निराळा. शब्दांचे असेच आहे. 'अवतार' म्हटला की आमच्यापुढे युगायुगांचे अवतार उभे राहतात. ख्रिस्ती मतात देवाचे मनुष्य होणे एकदाच घडलेले आहे आणि त्याच्या ठायी देवपण व मनुष्यपण दोन्ही पूर्ण आहेत, असा निर्णय त्यांच्या धर्मसभेने ४५१ साली केला. 'त्रैक्य' ऐकताच आम्ही ब्रह्मा-विष्णु-महेश म्हणून मोकळे होतो. त्यांचा सिद्धान्त तो नव्हे. 'पाप' म्हणजे आमच्या मनात कर्म आणि त्याचे फळ. त्यांच्या विचारात ईश्वराशी तुटलेले नाते, आणि तेही आदिपुरुषापासून चालत आलेले. 'पुनरुत्थान' हे पुनर्जन्म नव्हे. जे पुस्तक असा प्रत्येक शब्द उलगडून, तुमचा अर्थ हा आणि आमचा हा, असे सांगते ते उत्तम. जे या साम्याचा आडोसा घेऊन वाचकाला अर्ध्या समजुतीत ठेवते ते दोषी. आणि सर्व धर्म एकच सांगतात असे म्हणून हे भेद पुसून टाकणारा आमचा प्रवचनकारही तितकाच दोषी.

आता थोडे घरचे. आम्ही दुसऱ्याचे पाठ्यपुस्तक तपासतो, पण आमचे कोठे आहे? तर्कसंग्रह आणि वेदान्तसार संस्कृतात राहिले. आजच्या मराठी मुलाने विचारले की आपल्या धर्मात ईश्वर, जीव, जगत्, कर्म आणि मुक्ती यांविषयी शंकराचार्य काय म्हणतात, मध्वाचार्य काय म्हणतात, ज्ञानदेव-नाथ काय म्हणतात, आणि त्यांत मेळ कोठे व भेद कोठे, तर त्याच्या हातात आम्ही काय देतो? बहुधा व्रताची पोथी देतो किंवा 'मोठा झालास की कळेल' असे सांगतो. ज्या पुस्तकाला आम्ही भितो ते अनेकदा एवढ्याच कारणाने प्रभावी ठरते की त्याने प्रश्नांची क्रमवार यादी केलेली असते आणि आम्ही प्रश्नच घरात येऊ दिलेला नसतो. चिकलठाण्यापुढे तोच रस्ता जालन्यास जातो. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्रि या ब्राह्मण घराण्यातील ख्रिस्ती धर्मोपदेशकाने बेथेल ही वसाहत उभी केली. ज्या मांग समाजाला आमच्या देवळांचे दार बंद होते, त्यातील माणसांपर्यंत तो पोहोचला. तेथे गेलेली माणसे ग्रंथातले सिद्धान्त पारखून गेली की उंबऱ्यावरची वागणूक पाहून गेली, याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. म्यूरची तिसरी कसोटी आम्ही वर झटकून टाकली नाही, ती एवढ्याचसाठी.

तेव्हा विचारणाऱ्या घरांना आमचे सांगणे असे: पोथी ठेवावी. देव्हाऱ्यात नव्हे, अडगळीतही नव्हे. जेथे मुलांची अभ्यासाची पुस्तके असतात तेथे. मुलांनी ती वाचावी आणि वडीलधाऱ्यांनीही त्यांच्याबरोबर वाचावी. पूर्वपक्ष नीट समजला की नाही हे एखाद्या जाणत्या ख्रिस्ती शेजाऱ्यास विचारावे आणि आपला सिद्धान्त आपल्याला येतो की नाही हे स्वतःस विचारावे. नाथांच्या संवादातले ते आलिंगन फुकटचे नव्हते. आधी दोघांनी एकमेकांचे पूर्ण ऐकून घेतले होते. षष्ठीला गोदेत स्नान करून समाधीपुढे माथा टेकताना त्या ऐकून घेण्याचेही थोडे मागणे मागावे, एवढीच प्रार्थना.